कोलोरॅडोतली पायी शिकार : डोंगर निवडायला लागलेली दोन वर्षं

२०२१ च्या ऑगस्टमध्ये फ्लॅट टॉप्स नावाच्या डोंगराळ पठाराच्या माथ्यावर एका कातळाला टेकून मी हरणांचे अकरा नर मोजले होते. वाढत्या शिंगांवर अजून मखमलीसारखी कातडी होती. ऊन वर यायच्या आत ते एकेक करून बुटक्या झुडपांत शिरले आणि मी वहीत लिहिलं, ‘जागा सापडली.’ ऑक्टोबरच्या शेवटी परवाना खिशात आणि रायफल खांद्यावर घेऊन त्याच कातळाला टेकून बसलो, तेव्हा खाली घोटाभर बर्फ होतं आणि त्यावर एकही खूर उमटलेला नव्हता. चार दिवस बसलो. पाचव्या दिवशी तंबू आवरला, कारण दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं आणि मुलीला कबूल केलं होतं.

मी मूळचा जुन्नरचा. शाळेत असल्यापासून शिवनेरी, नाणेघाट, हरिश्चंद्रगड पायाखाली घातलेले. नोकरीमुळे डेन्व्हरजवळ स्थायिक झालो आणि इथल्या डोंगरांत चालायला लागलो. शिकारीचा विचार बऱ्याच वर्षांनी आला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं असं मी मानतो. इथली घडी वेगळी आहे. कळपाचा अंदाज घेऊन दर वर्षी परवान्यांची संख्या ठरते, आणि कोलोरॅडोत १९९९ पासून हरणाचा प्रत्येक परवाना मोजूनच दिला जातो. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मारलंस तर वाया घालवू नकोस बाबा.” इथला कायदाही तेच सांगतो. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे.

१ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो केला, नेमबाजीच्या रेंजवर एक उन्हाळा घालवला. मग ‘ड्रॉ’, म्हणजे परवान्यांची सोडत. सगळं राज्य क्रमांक दिलेल्या युनिटांमध्ये वाटलेलं आहे. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत युनिट आणि सीझन निवडून अर्ज करायचा. परवाना नाही मिळाला तर पुढच्या सोडतीत प्राधान्य देणारा प्रेफरन्स पॉइंट जमा होतो. काही युनिटांसाठी लोक वर्षानुवर्षं पॉइंट साठवतात. मी रायफलचा दुसरा सीझन घेतला, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट. नोव्हेंबरच्या मध्यापासून नर माद्यांच्या मागे उघड्यावर फिरू लागतात, म्हणून पुढच्या सीझनांना मागणी जास्त. दुसऱ्या सीझनचा परवाना त्या मानाने सहज मिळतो. तो सहज का मिळतो हे मला त्या चार दिवसांत कळलं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ राहतात, सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर पायी शिकार केलेले. दिवाळीचा फराळ द्यायला गेलो तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. हरणं कुठे गेली, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. त्यांनी विचारलं, “समजा नर मिळाला असता. खाली कसा आणणार होतास?”

माझा तंबू गाडीपासून अकरा किलोमीटरवर होता. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस तीस किलोच्या आसपास भरतं, वर डोकं, तंबू, रायफल. दोन ओझी केली तरी तेहतीस किलोमीटर चाल, त्यातली बावीस पाठीवर वजन घेऊन, अकरा हजार फुटांवरून, बर्फातून. मी एकटा होतो. हा हिशेब मी केलाच नव्हता. जागा निवडताना मी फक्त हरणांकडे आणि देखाव्याकडे बघितलं होतं.

ते म्हणाले, “नकाशा गाडीपासून उलगडत जा. तू हरणापासून सुरुवात केलीस.”

पुढचा हिवाळा मी याच एका वाक्यावर काढला. जेवणाच्या टेबलावर भू-सर्वेक्षण खात्याचे १:२४,००० प्रमाणाचे नकाशे पसरले. आपल्याकडच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर समोच्च रेषा साधारण वीस मीटरच्या असतात. इथे चाळीस फुटांच्या, म्हणजे सुमारे बारा मीटरच्या, दीडपटीहून जास्त बारीक. डोंगर बोटाने चाचपता यावा इतका तपशील मिळतो.

आधी खाजगी जमीन खोडली. व्हाइट नदीच्या काठाने सगळी कुरणं आणि अल्फाल्फा चाऱ्याची शेतं रँचवाल्यांची आहेत. कोलोरॅडोत कुंपण किंवा पाटी नसली तरी परवानगीशिवाय खाजगी जमिनीत शिकार करता येत नाही, त्यामुळे सीमारेषा फोनवर कायम डोळ्यासमोर ठेवायला लागते. काही ठिकाणी सरकारी रान नकाशावर मोठं दिसतं, पण चारी बाजूंनी खाजगी जमिनीत अडकलेलं असतं आणि तिथे पाय ठेवायला वाटच नसते. असे तीन तुकडे माझ्या यादीतून गेले.

मग रस्ते. फॉरेस्ट सर्व्हिस मोटारींना खुल्या असलेल्या रस्त्यांचा नकाशा फुकट देते. प्रत्येक रस्त्याभोवती मी पेन्सिलीने दोन किलोमीटरचा पट्टा रंगवला. गाडीतून आणि एटीव्हीवरून, म्हणजे रानात चालणाऱ्या छोट्या गाड्यांवरून, फिरणारे बहुतेक शिकारी त्या पट्ट्यातच राहतात. पट्ट्याबाहेर जे उरलं ते बरंचसं लांबचं रान होतं, आणि लांब जाणं तर मला परवडणारं नव्हतं. दोन-तीन रात्री नुसता बघत बसलो. मग लक्षात आलं, माणसाला अंतर जेवढं अडवतं त्याहून जास्त चढ अडवतो. रस्त्यापासून दोनच किलोमीटर, पण त्यात चारशे मीटर उभी चढण असेल, तर तिथे फारसं कोणी जात नाही. शिवाय शिकार वर आणि गाडी खाली असेल तर ओझं घेऊन उतरायचं असतं. नाणेघाट चढताना आणि उतरताना पाठीवरच्या त्याच पिशवीचं वजन किती वेगळं लागतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

आता हरणांकडे आलो. म्यूल डिअर, म्हणजे खेचरासारख्या कानांचं हरीण. शेपटीचं टोक काळं, बूड पांढरं, आणि पळताना चारही पाय एकदम उचलून स्प्रिंगसारखं उडतं. एल्क या मोठ्या हरणासारखं हे नुसत्या गवतावर भागवत नाही. याचं पोट लहान, खाणं निवडक. कोवळे शेंडे, पानं, झुडपांच्या काड्या. म्हणून उन्हाळ्यात ते माथ्यावर असतं आणि वरचं हिरवं करपलं, बर्फ पडू लागलं की खाली सरकतं. दीड फुटाच्या वर बर्फ साचलं की त्याला चालणंच जड होतं. व्हाइट नदीच्या खोऱ्यातला कळप उन्हाळा फ्लॅट टॉप्सच्या बाजूला काढतो आणि थंडीत पश्चिमेला पिअन्सच्या सेजब्रश आणि जुनिपरच्या टेकड्यांत उतरतो. शेजारच्या वायोमिंगमध्ये तर कॉलर लावलेली म्यूल डिअर रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत दीडशे मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, जाताना नोंदली गेली आहेत. आणि वाटा ठरलेल्या असतात, पिढ्यान्‌पिढ्या त्याच, आपल्या वारकऱ्यांसारख्या.

म्हणजे मी ऑगस्टमध्ये पाहिलेली जागा खोटी नव्हती. ती ऑगस्टची जागा होती.

कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्यातल्या जीवशास्त्रज्ञांना फोन करता येतो, आणि ते खरोखर बोलतात. मी ‘चांगली जागा सांगा’ असं विचारलं नाही. विचारलं की ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, फार बर्फ पडलं नसेल तर, नर कोणत्या उंचीला असतात? पलीकडून बाईंनी सांगितलं, वरचं ॲस्पन आणि खालचा ओक यांच्या मधल्या पट्ट्यात शोधा. साडेसात ते नऊ हजार फूट. माद्या उघड्यावर दिसतील, मोठे नर एकटे असतील आणि दिवसा उठणार नाहीत. जुन्या वणव्याच्या जागा बघा, तिथे झुडपं कोवळी असतात. वणवा म्हटल्यावर मला ट्रॅपर्स लेकजवळची २००२ च्या बिग फिश वणव्यात जळालेली उभी खोडं आठवली, पण ती फारच उंचावर. मी खालचे, लहान जळीत तुकडे उपग्रहाच्या चित्रांत शोधायला लागलो.

नकाशावर मला जे शोधायचं होतं त्याला शेजारी ‘बेंच’ म्हणत होते. बराच वेळ ते नीट डोळ्यासमोर येईना. मग एका रात्री रेषा बघता बघता एकदम उमगलं, हा तर पदर! हरिश्चंद्रगडाला किंवा आजोबाच्या डोंगराला कड्याच्या खाली, मधोमध जी सपाटीची पट्टी असते, झाडीने भरलेली, तोच. नकाशावर तो ओळखायचा कसा? रेषा दाटीवाटीने येतात, मग दोन-तीन रेषा अंग मोकळं करतात आणि पुन्हा दाटी होते. त्या मोकळ्या जागेत दिवसा नर बसतो. पाठीशी चढ, पुढे खालचं सगळं दिसतं, आणि ऊन चढलं की दरीतली हवा वर येऊ लागते ती खालच्या प्रत्येक पावलाचा वास घेऊन त्याच्या नाकापर्यंत येते.

त्या रात्रीपासून मी नकाशावर मराठीतच लिहायला लागलो. सोंड, घळ, खिंड, नळी, टेपाड, पदर. डोंगर ओळखीचा व्हायला लागला. इतकी वर्षं इथे राहून असं पहिल्यांदाच झालं.

मे महिन्यापर्यंत पाच जागा उरल्या. प्रत्येकीसाठी मी एकच गोष्ट तपासली. समोर बसून ती बघता येते का? पायी शिकारीत पाय कमी आणि डोळे जास्त चालतात. ज्या उतारावर हरीण असेल त्याच्या समोरच्या सोंडेवर, सकाळचा सूर्य पाठीशी ठेवून बसता आलं पाहिजे. पूर्वेकडे तोंड केलेला उतार, त्याच्या समोर बसायला जागा, मधे हाकेच्या अंतराहून थोडं जास्त. दोन जागा अगदी उत्तम होत्या, पण तिथे बसायचं ठिकाणच नव्हतं. सगळा घनदाट ओक. त्या सोडल्या. वाईट वाटलं, कारण त्यातल्या एकीत हरणं नक्की असणार होती.

ऑगस्ट २०२२ मध्ये उरलेल्या तीन जागा पायाने पाहिल्या. हरणं मोजायला गेलो नव्हतो, कारण ती तेव्हा वर असणार. मी खाणाखुणा बघत होतो. सर्व्हिसबेरी आणि माउंटन महोगनीचे शेंडे गेल्या हिवाळ्यात खुडलेले आहेत का, ओढ्याला पाणी टिकेल का, जुन्या वाटा किती खोल पडल्यात. दुसऱ्या जागेत एका खिंडीतून वाट जात होती, विटेसारखी कडक झालेली, फूटभर रुंद. तिच्या कडेच्या जुनिपरची साल शिंगं घासून उतरवलेली. एकाच झाडावर जुने काळवंडलेले आणि त्यामानाने नवे तांबूस असे दोन्ही ओरखडे होते. म्हणजे दर वर्षी कोणीतरी नर इथून जातो. गाडीपासून चार किलोमीटर, चढण चारशे वीस मीटर. खिंडीच्या खाली पदर, समोर बसायला सोंड. मी तिथेच बसून डबा खाल्ला आणि परतलो. तिसरी जागा बघायचं नुसतं नाव केलं.

भाऊबीज २६ ऑक्टोबरला झाली. त्यानंतर निघालो. रायफल नावाच्याच गावावरून उत्तरेला वळून मीकरला पोचलो, आणि संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावली. पायथ्याच्या सपाटीवर सहा तंबू होते. छातीत धस्स झालं. पहाटे चारला उठलो तर सगळ्या बॅटऱ्या रस्त्याच्या कडेकडेने हलत होत्या. चढणीवर एकही नव्हती.

पहिले दोन दिवस माद्या दिसल्या, एक कोवळा नर दिसला. तिसऱ्या दिवशी आठ वाजायला थोडे कमी असताना दुर्बिणीत एक आडवी रेघ आली. रानात सगळं उभं असतं. खोडं, काड्या, सावल्या. आडवी रेघ दिसली की तिथेच थांबायचं, हे शेजाऱ्यांनी बजावलं होतं. ती पाठ होती. मग कान हलला. मग शिंगं, दोन्ही बाजूंना दुबेळक्यात फुटलेली, आणि त्या दुबेळक्याला पुन्हा दुबेळकं. तो सावकाश झुडपं खुडत चढला आणि साडेनऊला पदरावर, एका जुनिपरच्या सावलीत, पाय दुमडून बसला.

मी लगेच उठलो नाही, आणि याचा मला आजही आनंद वाटतो. सकाळची गार हवा अजून खाली उतरत होती. साडेदहाला गालावर वारा फिरला, दरीतून वर येऊ लागला. मग मी मागे सरकलो, वळसा घालून खिंडीत चढलो आणि वरून उतरायला लागलो. वारा माझ्या तोंडावर होता. तीनशे मीटर उतरायला दोन तास लागले. शेवटचा टप्पा बसून, घसरत. अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी. इथे पाचशे चौरस इंच भडक रंग अंगावर असावाच लागतो, आणि हरणाच्या डोळ्यांना तो आपल्यासारखा भडक दिसत नाही. एक वाजून वीस मिनिटांनी सावली सरकली तसा तो जागा बदलायला उठला. अंतर १६० यार्ड. तो आडवा उभा राहिला आणि मी गोळी झाडली.

चाळीस पावलांवर पडला होता. जवळ गेलो तेव्हा आधी सेजब्रशचा वास आला, त्याच्या केसांतून. कान माझ्या पंजाहून लांब, आतून मऊ पांढरे. डोळ्यांवर लांब पापण्या. मी हात ठेवून बसलो. आईची आठवण आली. मग परवान्याची चिठ्ठी फाडून सही केली आणि सुरी काढली.

पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेला नसतो. सुरी फिरवली की तो अलगद हातात येतो. मागच्याला सांधा शोधावा लागतो. मांस सुती पिशव्यांत भरलं. अर्धं उत्तरेकडच्या सावलीत, ॲस्पनच्या फांदीला उंच टांगून ठेवलं आणि पहिलं ओझं घेऊन उतरलो. दुसरं आणायला पुन्हा चढलो तेव्हा अंधार पडला होता. रात्री दहाला दोन्ही ओझी गाडीत होती. चार किलोमीटर होतं म्हणून. अकरा असतं तर त्या रात्री मी एका ओझ्यासाठी बाहेर असतो आणि दुसरं अस्वलाच्या भरवशावर.

डोकं तपासणीला दिलं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदू पोखरणारा रोग १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या बंदिस्त म्यूल डिअरमध्येच पहिल्यांदा लक्षात आला होता. मानेतल्या गाठींवरून तपासतात. माणसाला झाल्याचा पुरावा नाही, पण रोगट जनावर खाऊ नये असा सल्ला आहे. निकाल येईपर्यंत सगळी पाकिटं वेगळ्या फ्रीझरमध्ये, तारीख घालून. तीन आठवड्यांनी ‘आढळला नाही’ असं उत्तर आलं आणि बायकोने पहिला खिमा केला. या मांसाला चरबी नसतेच, त्यामुळे तेल हात सैल सोडून घालावं लागतं आणि कांदा दुप्पट. काळा मसाला जुन्नरहून आलेला होता.

जागा सापडली होती. पुढच्या वर्षीचा अर्ज मी मनात भरूनही टाकला होता.

पण २०२२-२३ चा हिवाळा वायव्य कोलोरॅडोत भयंकर गेला. बर्फ आलं आणि हटेना. मार्चअखेर मी मुद्दाम मीकरकडे गेलो. नांगरलेल्या रस्त्याच्या कडेला हरणं उभी होती, कारण उभं राहायला तेवढीच जागा होती. बरगड्या मोजता येत होत्या. गाडी आली तरी ती हलत नव्हती. एका कुंपणापाशी गेल्या वर्षीची तीन पिल्लं एकमेकांना चिकटून पडलेली होती, बर्फाने अर्धी झाकलेली. मी गाडी थांबवली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

त्या वर्षी एप्रिलचा पहिला मंगळवार ४ तारखेला होता. मी अर्ज भरला, पण युनिटच्या जागी नुसत्या पॉइंटचा कोड टाकला. पुढे खात्यानेही त्या भागातले परवाने मोठ्या प्रमाणात कापले.

ऑगस्टमध्ये दुर्बीण तेवढी घेऊन, उन्हाळ्यात हरणं असतात त्या माथ्यावर, पहिल्या वर्षीच्या कातळापाशी गेलो. पहिल्या सकाळी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दोन माद्या दिसल्या. एकीच्या मागे पाडस होतं.